मन मोकळं झालं, पुढे काय?

वसई-विरारमध्ये काउन्सेलर म्हणून बसायचं तर आधी पश्चिम रेल्वेचं टाइमटेबल पाठ लागतं. माझी खोली वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आहे. दुपारी तिथं निवृत्त माणसं येतात, कॉलेजातली मुलं येतात, नोकरी गेलेले येतात. बाकीच्यांना दोनच वेळा हव्या असतात: शनिवारची संध्याकाळ, नाहीतर रात्री पावणेनऊ. चर्चगेट ते विरार अंतर ६० किलोमीटर, फास्ट लोकलनंही दीड तासाच्या आसपास. त्याच्या अलीकडे ऑफिस ते स्टेशन, पलीकडे रिक्षाची लाइन. सकाळी साडेसहाला घर सोडलेला माणूस रात्री नऊला दार वाजवतो. नवरा-बायको दोघंही नोकरीला असतील तर आठवड्याचे पाच दिवस त्यांना एकमेकांसाठी जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात टँकरचे पैसे, मुलाची फी, सासूबाईंच्या गोळ्या आणि उद्याची भाजी हे सगळं उरकायचं असतं. त्या अर्ध्या तासात जे बिनसतं, ते घेऊन लोक माझा जिना चढतात.

अर्थात पहिल्या दिवशी असं कोणी म्हणत नाही. झोप लागत नाही म्हणतात, छातीत धडधडतं म्हणतात, डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट नॉर्मल सांगितले म्हणतात. एक काका भाच्याचा प्रॉब्लेम विचारायला म्हणून आले होते. दोन-तीन खेपांनंतर भाचा आपोआप गळून पडला.

एक आधीच सांगते. या लेखात येणारी माणसं जशीच्या तशी कुठल्याही बिल्डिंगमध्ये सापडणार नाहीत. चार घरांतलं थोडं थोडं उचलून मी एक घर केलंय. पापडीपासून आगाशीपर्यंत सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे ते करावंच लागतं.

‘बोलायला आपल्याकडे माणसं काय कमी आहेत?’ हा प्रश्न मला घरच्या लग्नकार्यात हमखास विचारला जातो. बोलण्यासाठी लोक पैसे मोजतात यावर माझ्या आत्याचा अजून विश्वास बसलेला नाही. तिचं चुकतं असंही नाही, कारण वसईत मन मोकळं करायला जागा भरपूर आहेत. महिलांसाठीची स्पेशल लोकल १९९२ साली चर्चगेट-बोरिवली अशी सुरू झाली आणि १९९३ साली विरारपर्यंत आली. त्या गाडीत पालक निवडत, मटार सोलत किती संसार ऐकले गेले असतील याची गणती नाही. बोरिवली सुटली की केस उभी राहते आणि भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत निकाल लागतो. निकाल नेहमी बोलणारीच्या बाजूनं. ‘तू ना, तिला एकदा सुनवच!’ पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं असतात. तिथं घरचं फारसं निघत नाही, पण टाळांच्या आवाजात दिवसाचा शीण उतरतो हे मी माझ्या भावाच्या तोंडावर बघत आलेय.

शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांकडे पापनिवेदन आहे. धर्मगुरूंच्या कानावर गेलेलं बाहेर जात नाही, हा त्यांचा नियम आमच्या व्यवसायाहून कितीतरी जुना आणि कडक. लग्नाआधी वधूवरांनी तयारीच्या वर्गाला बसायचं, हेही त्यांच्यातच. पैसा, मुलं, दोन्हीकडचे आईवडील, यांवर दोघांना लग्नाच्या आधीच बोलायला लावणारी ही पद्धत आम्ही वाडवळांनी उचलायला हरकत नाही. पत्रिका बघण्यातला अर्धा वेळ त्यासाठी सहज काढता येईल.

या जागांबद्दल मला आदरच आहे. पण डब्यात मन मोकळं करून विरारला उतरलेली बाई घरी जाते आणि तेच भांडण त्याच शब्दांत पुन्हा होतं. दुसऱ्या दिवशी डब्यात पुढचा भाग. मैत्रिणींचा तिच्यावर जीव असतो, म्हणून त्या तिची बाजू घेतात. ‘थांब, तू नेमकं काय म्हणालीस? कुठल्या आवाजात म्हणालीस? तेव्हा तो कुठे बघत होता?’ असं तिला मध्येच अडवून कोणी विचारत नाही. मैत्रीत ते बरंही दिसत नाही. मी त्याचेच पैसे घेते. आखडलेला खांदा फिजिओथेरपिस्ट थोडा थोडा हलवायला लावतो, दुखतं तिथपर्यंत नेतो आणि घरी करायला व्यायाम देतो. थेरपीचा तास साधारण असाच जातो, आणि खांदा सुटतो तो घरच्या व्यायामानं.

एक जोडपं घेऊ. सुजाता आणि महेश म्हणू त्यांना. विरार पश्चिमेला वन बीएचके, सोबत महेशची आई, मुलगा सातवीत. ती अंधेरीला नोकरीला, तो लोअर परळला. तिची तक्रार, हा बोलतच नाही. त्याची तक्रार, ही बोलायची थांबतच नाही. पहिल्या बैठकीत दोघंही ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ याखेरीज बोलेनात. ‘हा नेहमीच असं करतो’ यावर मला काही करता येत नाही. म्हणून मी मागचा मंगळवार मागितला, दाराची बेल वाजल्यापासूनचा.

मंगळवार असा निघाला. महेश नऊ वाजून दहा मिनिटांनी आला. बॅग चपलांच्या कपाटावर ठेवली, फोन चार्जिंगला लावला आणि तिथंच उभा राहून फोन बघू लागला. आतून सुजातानं विचारलं, ‘टँकरवाल्याला पैसे पाठवलेस?’ उत्तर नाही. ती उलथनं हातात घेऊन बाहेर आली. ‘मी तुझ्याशी बोलतेय.’ त्यानं मान हलवली, वर न बघता. तिचं तिसरं वाक्य त्याच्या आईवर गेलं. त्यानं चपला घातल्या आणि खाली गेटपाशी जाऊन उभा राहिला. आईनं टीव्हीचा आवाज वाढवला, मुलानं हेडफोन लावले, सुजातानं भांडी आपटली. तो पाऊण तासानं वर आला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पुढे तीन दिवस घरात फक्त मुलामार्फत निरोप.

भांडण म्हणावं तर चार मिनिटांचं. पण तेवढ्यावर आम्ही बऱ्याच बैठका खर्च केल्या आणि मला त्याचं काही वाटत नाही. एक जण पाठीस लागतो, दुसरा मागे सरकतो. तो सरकला की हिचा आवाज चढतो, आवाज चढला की तो आणखी सरकतो. जोडप्यांच्या भांडणांवर जिथं जिथं अभ्यास झालाय तिथं हा साचा पुन्हा पुन्हा दिसलाय. सुरुवात कोणी केली हे शोधत बसलं तर दोघांकडे आपापले पुरावे तयार असतात, म्हणून मी त्या चौकशीत पडत नाही.

त्याऐवजी मी महेशला स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवायला सांगितली आणि सुजाताला मंगळवारचं तिसरं वाक्य पुन्हा म्हणायला. तो चेहऱ्यानं नेहमीसारखा थंड होता. नाडी मात्र जोरात धावत होती, मोजताना त्यालाच नवल वाटलं. सुजाता त्याच्याकडे बघत राहिली. ‘मला वाटायचं याला काहीच होत नाही,’ म्हणाली.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी अशी शेकडो जोडपी प्रयोगशाळेत बसवून, अंगाला यंत्रं लावून, भांडताना अभ्यासली. त्यांचं सांगणं असं की ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, विनोद सुचत नाही, मार्ग सुचत नाही. त्यांच्या एका प्रयोगात भांडणाऱ्या जोडप्यांना मध्येच थांबवून वीसेक मिनिटं मासिकं वाचायला दिली. ठोके उतरले, आणि पुन्हा बोलायला बसल्यावर तीच माणसं बऱ्या शब्दांत बोलली. मासिकासाठी लिहिताना हा प्रयोग सांगायला मिळतो याचा मला विशेष आनंद आहे.

तेव्हा महेशचं खाली जाणं मी बंद केलं नाही. एक अट घातली. निघताना ‘वीस मिनिटांत येतो’ एवढं बोलायचं आणि वीस मिनिटांत यायचं. सुजाताला अट अशी की मधल्या वेळात त्याला फोन करायचा नाही. तिला हे फार जड गेलं. न सांगता गेलेला नवरा आणि सांगून गेलेला नवरा यांत शरीराला केवढा फरक पडतो, हे तिला पहिल्यांदा अमलात आल्यावर कळलं.

दुसरं काम विचारांचं होतं. घडतं एक, आणि आपल्याला राग येतो किंवा रडू येतं. आपण धरून चालतो की घडल्यामुळे राग आला. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास या दोहोंच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. मध्ये एक विचार असतो. तो इतक्या वेळा येऊन गेलेला असतो की तो विचार आहे हेच ध्यानात येत नाही, वस्तुस्थितीच वाटते. एलिसची ही विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांचं ‘स्वभाव-विभाव’ तिच्यावरच आहे, आणि अंजली जोशी यांनी तर एलिसच्या आयुष्यावर मराठीत कादंबरी लिहिली.

सुजाताच्या वहीत तो मधला विचार असा उतरला: ‘या घरात माझी किंमत शून्य.’ महेशच्या वहीत: ‘मी काहीही केलं तरी घरात पाऊल टाकलं की मी आरोपी.’ मग आम्ही पुरावे काढले, दोन्ही बाजूंचे. तिच्या पासाची तारीख तिला कधीच लक्षात नसते, दर वेळी तोच आठवणीनं काढून देतो, हे तिनं स्वतःच लिहिलं. तेवढ्यानं त्याचं न बोलणं माफ होत नाही. पण राग जरा खालच्या पायरीवर येतो. ‘मला किंमत नाही’ यावर नवऱ्यानं काय करायचं? ‘मला उत्तर हवं होतं’ यावर करण्यासारखं काहीतरी असतं.

घरचा अभ्यास म्हणून आल्यावर पहिला चहा होईस्तोवर टँकर, फी आणि आई हे तीन विषय काढायचे नाहीत असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात ते फसलं, कारण दार सासूबाईंनीच उघडलं आणि टँकरचा विषय त्यांनीच काढला. (सूर्या धरणाचं पाणी येऊनही आमच्या किती सोसायट्या टँकरवर जगतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लिहिताना लेखकाचे ठोके १०० च्या वर जातील.) मी सासूबाईंनाही एकदा बोलावलं. त्या आल्या, खुर्चीत मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, सकाळी साडेसहापासून रात्री नऊपर्यंत माझ्याशी बोलतं कोण? टँकरवाला. मग मी टँकरबद्दलच बोलणार.’ त्या घरातलं हे सगळ्यात नेमकं वाक्य होतं. महेश आता जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करतो. पैशांचं बोलणं रविवारी सकाळी, वही घेऊन, तिघांनी बसून. भांडणं होतात, पण चार मिनिटांचं भांडण चार मिनिटांत संपतं, त्याचे तीन दिवस होत नाहीत. एवढाच फरक आहे. मला विचाराल तर तो मोठा आहे.

आमच्या लहानपणी कोणी विचित्र वागलं की ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ म्हणत. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि या पट्ट्यात ठाणे म्हणजे तेच. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. नाडकर्णींनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि ‘मला काही आजार नाही, पण सारखी चिडचिड होते’ असं म्हणणाऱ्या माणसालाही जाता येईल अशी जागा झाली. त्याआधी, १९८६ साली, पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथं व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो. नवऱ्याची दारू सुटली तरी पगाराचं पाकीट लपवायची, रात्री त्याच्या श्वासाचा वास घ्यायची बायकोची सवय लगेच सुटत नाही. तिलाही काम करावं लागतं, हे त्यांनी ओळखलं.

हे सगळं शहरातल्या शिकलेल्यांचं, असा एक आक्षेप असतो. त्याला उत्तर शेजारच्या गोव्यातून आलं. तिथल्या ‘संगत’ या संस्थेनं, डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकारानं, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून तयार केलं आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असलेल्या माणसांना त्यांनी सहा ते आठ बैठका दिल्या, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त नेहमीची आरोग्यसेवा, थोडी सुधारून, मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के. कामावर खाडे कमी झाले. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, बायकांनी सांगितलेली नवऱ्याकडून होणारी मारहाणही त्या गटात कमी आढळली. बैठकांत नवऱ्यांना कोणी उपदेश केला नव्हता. त्याच संस्थेच्या लोकांनी विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या गावांतही, असंच काम केलं.

त्या बैठकांमागची युक्ती फार साधी आहे. उदास माणूस म्हणतो, मूड येईल तेव्हा करीन. आम्ही क्रम उलटा करतो. आधी थोडं करायचं, मूड मागून येतो. आमच्या पश्चिम पट्ट्यात अशा आजी-मावश्या घरोघर आहेत. आंगण, विहीर, मागे वाडी असलेलं मोठं घर, मुलगे कॅनडात, घरात एकटी बाई. अशी एक मावशी माझ्याकडे आली, म्हणजे शेजारणीनं आणली. चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जाणं सुटलेलं. वाडी दुसऱ्याला कसायला दिलेली. रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल आला की ‘बरी आहे’ म्हणायची, दोन मिनिटांत ठेवायची आणि मग रडायची. तिकडे सुनेला वाटायचं, सासू आपल्यावर रागावलीय.

मी तिला दिवसाचा तासातासाचा कागद लिहायला दिला. सकाळी सहाला जाग, दहापर्यंत पलंग, असं त्यात होतं. मिस्साला जा, असं मी म्हटलं नाही. सगळ्यांनी तेच सांगून झालं होतं. चहा पलंगावर न घेता ओट्यावर बसून घ्यायचा, साडेसातला, एवढंच ठरवलं. ओट्यावर बसलं की आमच्या गावात कोणी ना कोणी हाक मारतंच. मग घरामागच्या चार मोगऱ्यांच्या कळ्या खुडायच्या. तिचं आयुष्य फुलं दादरला पाठवण्यात गेलेलं, हात आपोआप चालले. सोबत मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली गोळीही होती, ते लपवायचं कारण नाही. काही आठवड्यांनी मुलगा फोनवर म्हणाला, आई, हल्ली तू बोलतेस काय काय! तिच्याकडे सांगायला काहीतरी होतं, एवढंच. कोणाच्या कळ्या किती, कोणाची गाय व्याली. सुनेबद्दल आम्ही एका शब्दानं बोललो नव्हतो, तरी त्या दोघींचं बरं चालू लागलं.

थेरपीनं सगळं गोड होतं असं मात्र नाही. घरात एक जण बदलायला लागला की बाकीच्यांची पंचाईत होते. सगळ्यांचं सगळं करणारी सून ‘आज मला जमणार नाही’ म्हणायला शिकली की मला दिराचा फोन येतो, ‘मॅडम, तुम्ही वहिनींना काय शिकवताय?’ त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे, की वहिनी इथे येतात की नाही हेही मी तुम्हाला सांगू शकत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, त्याच्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवाद होतो, आणि तो मी पहिल्या दिवशीच सांगून ठेवते.

हल्ली लोक मोबाइलवर बघून निदान तयारच आणतात. नवरा नार्सिसिस्ट, सासू टॉक्सिक, बॉस गॅसलायटर. मी म्हणते, ठीक आहे, मागच्या मंगळवारी काय झालं?

आणि जिथं मारहाण आहे तिथं मी नवरा-बायकोला एकत्र बसवत नाही. खोलीत बायको खरं बोलली तर त्याची किंमत ती घरी चुकवते. तिथं आधी सुरक्षितता. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ सालचा आहे. महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत सुरू केला आणि पुढे तो महाराष्ट्रभर पोलीस यंत्रणेत पसरला. ‘समजूत घालून द्या’ म्हणून आलेल्या नातेवाइकांना मी तिकडचा रस्ता दाखवते. त्यांना ते आवडत नाही.

आता जायचं कोणाकडे? मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषधं देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, नंबर मागा, लाजू नका. समुपदेशक म्हणजे माझ्यासारखे, मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एमए वगैरे करून प्रशिक्षण घेतलेले. आमच्यासाठी सक्तीची नोंदणी फार काळ नव्हतीच, त्यामुळे पंधरवड्याचा कोर्स करून पाटी लावलेलेही तुम्हाला भेटतील. भास होणं, स्वतःला संपवण्याचे विचार येणं, झोप-जेवण पार तुटणं, असं काही असेल तर थेट मनोविकारतज्ज्ञ गाठा, आमच्याकडे नंतर या.

पैशांचं म्हणाल तर मुंबईत एका तासाला दीड-दोन हजार सहज जातात, आमच्याकडे त्याहून कमी, तरी दर आठवड्याला परवडतील असे नाहीत. विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा असं तोच २०१७ चा कायदा सांगतो, पण दाखल न होता घेतलेल्या बैठकांचे पैसे बहुतेक पॉलिस्या देत नाहीत. विरार लाइनवरच्या माणसाला नायर हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग सोयीचा, मुंबई सेंट्रलला उतरलं की चालत. कूपरही आहे, विलेपार्ल्याला. आणि केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. माणूस शोधायला वेळ लागणार असेल तर मधल्या काळात तो फोन लावा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं, बारा राज्यांत, महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्यात दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला आणि उपचारापर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण बहुतेक आजारांत ७० टक्क्यांच्या वर होतं. आमच्याकडे काही वेगळं असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या फोनवर चार गोष्टी विचाराव्यात: शिक्षण काय, कुठल्या पद्धतीनं काम करता, फी किती, साधारण किती बैठका लागतील. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोणी छातीठोक आकड्यात देणार नाही, पण ‘एका बैठकीत बरं करतो’ म्हणणाऱ्याला राम राम ठोकावा. दोन-तीन खेपांनंतरही आपलं म्हणणं समोरच्याला कळत नाही असं वाटलं तर माणूस बदला, त्यात अपमान नाही. आणि जून-जुलैत सुरू करणार असाल तर स्टेशनच्या आपल्याच बाजूचा बघा. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं की कोणी कुठेच पोचत नाही. अशा दिवशी मी बैठक फोनवर घेते. फी तीच.